कोरी बाटली

"ताई, तुमची कोरी बाटली कोरी नाही," प्रयोगशाळेतली बाई फोनवर म्हणाली, आणि ऐकणारी बसच्या थांब्यावर उभी होती ती तशीच उभी राहिली. बस आली, दार उघडलं, चार माणसं चढली, चालकाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि दार मिटून बस निघूनही गेली. एकवीस वर्षं ती हेच काम करत होती: ओढ्याचं, नाल्याचं, कारखान्यांच्या पाइपांतून पडणारं पाणी बाटल्यांत भरायचं, तपासायला पाठवायचं, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला की संबंधिताला नोटीस काढायची. त्या बाटल्यांबरोबर एक बाटली अशी न्यायची की जिच्यात प्रयोगशाळेतलंच शुद्ध पाणी असतं. ती जागेवर उघडायची, बाकीच्यांसारखीच हाताळायची, नमुना टिकावा म्हणून बाकीच्यांत टाकतात ते आम्लाचे थेंब तिच्यातही टाकायचे आणि झाकण लावून परत आणायची. तपासणीत तिच्यात काही म्हणजे काही सापडता कामा नये. सापडलंच, तर ते ओढ्याचं नव्हे आणि कारखान्याचंही नव्हे. ते बाटली भरणाऱ्याचं. "जस्त आहे, बरंच आहे," बाई म्हणाली. ती इथे नवी होती, आवाजात संकोच होता. "आमच्याकडेच बाटली नीट धुतली गेली नसेल. हा आकडा अहवालात लिहू, की राहू दे? तुम्ही म्हणाल तसं." "सांगते," ती म्हणाली, आणि फोन बंद केल्यावर तिच्या लक्षात आलं, की कामाच्या बाबतीत आपण कुणालाही 'सांगते' असं आजवर म्हटलेलं नाही. हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. म्हणून तर ऑफिसात सगळे तिला पाठीमागे 'काटेकोर' म्हणत, आणि गंमत म्हणजे तिला ते आवडायचं.

पुढच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाहेर दुकानं सरकत होती, एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता, शाळेतून सुटलेली मुलं रस्त्याच्या कडेने एकमेकांना ढकलत चालली होती, आणि या सगळ्यावर एकच शब्द तरंगत होता, जस्त. कोरी बाटली तिने गेल्या शुक्रवारी उघडली होती ती कपडे धुण्याच्या कारखान्याच्या पाइपाशी. तिथे साबण असतो, नीळ असते, कुणाचं तरी विसरलेलं नाणं असतं. जस्त कुठून येणार? जस्त म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहायचा, आणि त्याची सुनावणी गुरुवारी होती. आज मंगळवार. ओढ्याच्या काठी पत्र्याच्या एका शेडमध्ये तो बिजागऱ्यांना, बोल्टांना, खिडक्यांच्या गजांना जस्ताचा मुलामा देत असे. सगळे त्याला मुलामावाला म्हणत, आणि तोही स्वतःची ओळख तशीच करून देई. तिच्या दोन अहवालांत त्याच्या पाइपाखालच्या पाण्यात जस्त मर्यादेच्या वर निघालं होतं, आणि वरच्या अंगाला, पुलापाशी, जवळजवळ काहीच नव्हतं. सरळ हिशोब. पुलापासून पाइपापर्यंत दुसरं काहीच नाही, म्हणजे जस्त त्याचंच. गुरुवारी तिचा अहवाल मान्य झाला की त्याचा परवाना कायमचा रद्द होणार होता. सात आठवड्यांपूर्वी ती नोटीस घेऊन गेली, तेव्हा त्याने आरडाओरडा केला नव्हता, हातापाया पडणं तर दूरच. त्याने तिला त्याचे तीन हौद दाखवले होते, एकापुढे एक, पाणी निवळत निवळत जाणारे, कडा स्वतःच्या हाताने घोटलेल्या. मग म्हणाला होता, "बाई, माझं जस्त या तिसऱ्या हौदापलीकडे जात नाही. जातच असेल तर कुठून ते दाखवा, मी बुजवतो." आणि ती म्हणाली होती, "मी कशाला दाखवू? आकडा बोलतोय." हे वाक्य तिला तेव्हा छान जमल्यासारखं वाटलं होतं. आता बसच्या खिडकीशी ते आठवलं आणि अजिबात छान वाटेना.

वळणावर बसने हिसका दिला, तसा तिने पुढच्या सीटचा दांडा धरला, आणि आपलाच हात तिला दिसला. बोटांच्या पेरांवर चिरा, तळव्याच्या कडेला सोललेली कातडी, आणि नखांच्या मुळाशी एक बारीक पांढरी रेघ. गेली अडीच वर्षं हे हात तिला छळत होते. थंड पाणी, आम्ल, दिवसातून वीसदा धुणं; डॉक्टरांच्या तीन ट्यूब संपल्या आणि चिरा होत्या तिथेच. शेवटी अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, माळ्यावरून खल काढला होता. अप्पा चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाल्यावर आई गेली, आणि मग ते घरात एखाद्या जास्तीच्या खुर्चीसारखे झाले होते: कुणी बसत नाही, पण काढूनही टाकता येत नाही. खल हातात आला आणि त्यांच्या पाठीचा कणा ताठ झाला. दर रविवारी सकाळी टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ते मलम खलायचे, डबी भरायचे, आणि रोज सकाळी ती निघताना, "हात पुढे," म्हणून स्वतः लावून द्यायचे. त्या मलमात काय होतं हे तिला माहीत होतं. पांढऱ्या पुड्यावर छापलेलंच होतं, झिंक ऑक्साईड, फळीवर साखरेच्या शेजारी. आणि झिंक म्हणजे जस्त हे तिला सांगायला कुणी प्रयोगशाळेतून यायची गरज नव्हती. पण घरचं झिंक घरच्या कप्प्यात होतं आणि ऑफिसचं जस्त ऑफिसच्या. दोन वर्षांत एकदाही ते दोघे एकमेकांना भेटले नव्हते. आता बसच्या दांड्यावर, तिच्या नखाच्या मुळाशी भेटले. शेजारच्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाही का?" ती म्हणाली, "नाही, ठीक आहे," आणि हात पदराखाली घेतले, चोरी पकडल्यासारखे.

मग एकेक गोष्ट आपली आपण उलगडत गेली, आणि प्रत्येक गोष्ट खरी होती हेच वाईट होतं. पुलावर बाटली दोरीने खाली सोडायची असते. हातमोजे कोरडे असतात, बोट पाण्याला लागत नाही. पाइपापाशी मात्र गुडघाभर पाण्यात उतरून हाताने बाटली बुडवायची, तिथे मोज्यात पाणी शिरतं, चिरा झोंबतात, झाकणाचा आटा हाताला लागत नाही, आणि ती सरळ मोजे काढून टाकायची. बाटलीचं तोंड, झाकणाची आतली कड, तिची बोटं. ओढ्याची मर्यादा कडक, कारण खाली त्याच पाण्याचा तलाव होतो आणि तो अर्धं शहर पितं. इतक्या कडक मर्यादेला बोटाच्या टोकावरचं मलम पुरेसं होतं. कोरी बाटली असती तर पहिल्याच महिन्यात हे बिंग फुटलं असतं. पण कोरी बाटली नऊ वर्षांपूर्वी बंद झाली होती, आणि ती बंद करणारी ही काटेकोर बाईच होती. तिची टिपणी अजून फाइलीत होती, तारखेसकट, सहीसकट: गेली बारा वर्षे कोऱ्या बाटलीचा निकाल कायम शून्य येत असल्याने ती तपासणे म्हणजे प्रयोगशाळेचा वेळ वाया घालवणे होय. साहेबांनी त्यावर 'उत्तम सूचना' असं लिहिलं होतं. तिने ते पान त्या वेळी आईला दाखवायला घरी आणलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी नव्या बाईने येऊन विचारलं, "कोरी बाटली कुठाय?" तेव्हा सगळे हसले होते, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच. तरी नव्या बाईने हट्ट सोडला नाही, म्हणून नऊ वर्षांनी शुक्रवारी पहिल्यांदा कोरी बाटली बरोबर गेली होती.

राहू दे म्हटलं तर? बसमधून उतरून घरापर्यंतच्या रस्त्यावर तिने हा विचार नीट, सगळ्या बाजूंनी करून पाहिला. ती काही साध्वी नव्हती. बाटली नीट धुतली नव्हती, विषय संपला. हात धुवायचे, मलम बंद करायचं, पुढचे अहवाल चोख. कुणाला पत्ता लागणार नव्हता. मुलामावाल्याला तर नाहीच, तो बिचारा अजून हौदच तपासत असेल. नोकरीची आणखी सात वर्षं, मान ताठ, काटेकोर. कोपऱ्यावरच्या नळावर एक बाई घागर भरत होती. पाणी घागरीच्या काठावरून सांडत होतं आणि ती कुणाशी तरी हसून बोलत होती, पाण्याकडे न बघता. तिला वाटलं, आपल्या एकवीस वर्षांचं एवढंच तर काम होतं, की या बाईला पाण्याकडे बघावं लागू नये. पण उद्या एखादा आकडा खरा निघाला आणि कुणी म्हणालं, या बाईचे आकडे म्हणजे काय, तिच्या हाताला येतील ते, तर मग हा नळ कुणाच्या भरवशावर? तिला रडू आलं नाही, राग आला. आणि राग येऊन येऊन शेवटी स्वतःवरच आला.

अप्पा टेबलाशी बसले होते. "हात बघू," म्हणून त्यांनी तिचे दोन्ही हात चष्म्याजवळ नेले. "डावा सुधारलाय. उजवा काही ऐकत नाही." तिने विचारलं, "अप्पा, मलमात काय काय घालता तुम्ही?" त्यांना वाटलं कौतुकानेच विचारतेय. "झिंक ऑक्साईड, व्हॅसलीन, किंचित मेण. बाजारच्या मलमात निम्मंसुद्धा झिंक नसतं, म्हणून तर गुण नाही येत." तिने मग सगळं सांगितलं, फोनपासून. सांगताना ती त्यांच्याकडे न बघता फळीवरच्या पुड्याकडे बघत होती. अप्पांनी तिचे हात सोडले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या मलमाने त्या माणसाला टाळं लागायचं?"

"मलमाने नाही हो. मी मोजे काढत होते."

"का काढत होतीस?"

"आत पाणी जातं. झोंबतं."

"मग आतून सुती मोजे घालायचे. बारीक असतात. एवढं साधं." ते उठले, आतल्या कपाटात खुडबुड केली आणि दवाखान्याच्या काळातली सुती मोज्यांची एक जोडी घेऊन आले, धुऊन धुऊन पिवळी पडलेली. ती टेबलावर ठेवली, आणि मग तिला ज्याची भीती होती तो प्रश्न त्यांनी विचारला. "पण ती कोरी बाटली का थांबवलीस तू?"

"बारा वर्षं शून्य येत होतं, अप्पा. शून्य बघून बघून कंटाळा आला होता."

"मी चाळीस वर्षं औषध देताना बाटलीवरची चिठ्ठी दोनदा वाचली," अप्पा म्हणाले. "एकदाही चुकीची निघाली नाही." मलमाच्या डबीचं झाकण घट्ट लावून त्यांनी ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवली, आणि तिला आत कुठेतरी तुटल्यासारखं झालं. कारण आता रविवारी सकाळी हा माणूस काय करणार होता? तिने फोन उचलला. प्रयोगशाळेतली बाई निघायच्या घाईत होती. "तो आकडा लिहा," ती म्हणाली. "आहे तसा लिहा. आणि उद्या मी आणखी चार बाटल्या आणि एक डबी आणतेय, गुरुवारी सकाळच्या आत होईल का?" बाई म्हणाली, "करते, ताई. डबीत काय आहे?" "मलम," ती म्हणाली. अप्पा तोवर कात्री, डिंक आणि कागदाची पट्टी घेऊन बसलेच होते. मलमाचा एक चमचा छोट्या डबीत काढून त्यांनी तिच्यावर चिठ्ठी चिकटवली आणि कंपाउंडरच्या टोकदार अक्षरात लिहिलं: घटक, प्रमाण, तारीख, आणि खाली, सवयीने, 'फक्त बाहेरून लावण्यासाठी'.

सकाळी ती हात न माखताच निघाली, अप्पाही दाराशी आले नाहीत. साहेबांनी तिचा अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला, परत लावला. तिने त्यात काही पातळ केलेलं नव्हतं: मोजे, मलम, नऊ वर्षांपूर्वीची टिपणी, आणि गेल्या दोन वर्षांतले जस्ताचे सतरा अहवाल, ज्यांच्यावर आता विश्वास ठेवता येणार नाही. "सुनावणी उद्यावर आलीय, आणि हे आज?" ते म्हणाले. "कालच कळलं." "तुमच्याच टिपणीवर तुम्हीच टिपणी लिहिलीत, बाई. ज्याने 'उत्तम सूचना' लिहिलं त्याचं काय करायचं?" ते स्वतः हसले, पण हसू काही फार टिकलं नाही. मग म्हणाले, "जा, पाणी आणा. बाकीचं मी बघतो, आणि तुमचंही बघावं लागेलच." ती हो म्हणाली.

ओढ्यावर न सांगता गेली. शेड चालू होती, पण पूर्वी पाचजण असायचे तिथे तिघेच दिसले. दोघांनी टाळं लागायची वाट न बघता दुसरीकडे काम धरलं होतं. मुलामावाला तिसऱ्या हौदात उतरलेला होता. पाणी दुसरीकडे वळवून, कमरेत वाकून, तो भिंतीवरून बोटं फिरवत होता. तिला पाहून वर आला. तिने सांगून टाकलं, उभ्या उभ्या, एका दमात, कारण बसून सांगायचा तिला हक्क वाटेना. "दोन्ही वेळचं जस्त माझ्या हातांचं असण्याची शक्यता आहे. आज पुन्हा पाणी घेते. आज जास्त निघालं तर तसंच लिहीन, तेही सांगून ठेवते." त्याने ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही आला नाही. "सात आठवडे," तो म्हणाला, "मी रोज हौदात उतरून भेग शोधतोय. तुम्ही म्हणालात आकडा बोलतोय. मला वाटलं, मला दिसत नाही म्हणजे माझेच डोळे गेले." आणि मग तिला त्याचे हात दिसले. पेरांवर चिरा, तळव्याच्या कडेला सोललेली कातडी, अंगठ्यापाशी रक्त सुकलेलं. नोटीस दिली त्या दिवशी ते तसे नव्हते. घोटलेल्या कडा दाखवताना ते स्वच्छ, जाड, कामाचे हात होते, ते तिला पक्कं आठवत होतं. "चुकले मी," ती म्हणाली. हे दोन शब्द तिला वाटलं होतं त्याहून सोपे गेले. "ती तुमची कोरी की काय बाटली, ती माझ्यासमोर उघडा," तो म्हणाला. आतून सुती मोजे, वरून रबरी. पाण्यात उतरल्यावर अजिबात झोंबलं नाही, झाकणाचा आटा तर चक्क पूर्वीपेक्षा बरा कळत होता. दोन वर्षं एवढ्यावरून! पुलावरची, पाइपाखालची, कोरी, आणि एक जास्तीची कोरी. प्रत्येकीच्या चिठ्ठीवर तिने त्याची सही घेतली, आणि सही करायच्या आधी त्याने प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचली.

गुरुवारी सुनावणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर फोन वाजला. "दोन्ही कोऱ्या शून्य, ताई. पुलावरची जवळजवळ शून्य. पाइपाखालची," बाईने कागद उलटल्याचा आवाज आला, "आहे थोडं, पण मर्यादेच्या निम्मंसुद्धा नाही." "आणि मलम?" "मलमाने यंत्रच भांबावलं. तीनदा पातळ केलं तेव्हा कुठे आकडा आला. काय खलतात हो तुमचे वडील!" बाकाच्या दुसऱ्या टोकाला मुलामावाला बसला होता, मांडीवर हात उताणे ठेवून. तिने मान हलवली तेव्हा त्याने डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. आत सगळं दहा मिनिटांत आटोपलं. नोटीस मागे. तिच्या नावे एक मेमो, ज्यात 'हलगर्जी' हा शब्द होता आणि तो तिला मान्य होता. सतरा जागांची यादी, सगळीकडे पुन्हा पाणी घ्यायचं, तीन महिन्यांत, कोऱ्या बाटलीसह. ऑफिसात काटेकोर हे नाव एका दिवसात गळून पडलं आणि 'मलम' हे नवं नाव लागलं. ते तिला शिपायाने हसू दाबत सांगितलं. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण यादी पिशवीत घालून जिना उतरताना पाय हलके पडत होते. सतरापैकी काही आकडे खरे निघतील, काही तिचे निघतील, पण जो निघेल तो आता कुणालाही डोळ्यांत बघून सांगता येईल.

रविवारी सकाळी अप्पा वर्तमानपत्र वाचत होते, म्हणजे अंथरायच्या ऐवजी. खल माळ्यावर परत जायला निघाल्यासारखा दाराशी ठेवलेला होता. "एक मोठी डबी लागेल," ती म्हणाली. "तुला? वेड लागलंय का?" "मला नाही. एक माणूस आहे, त्याचे हात माझ्यापेक्षा वाईट आहेत. दिवसभर जस्तातच असतो, त्याला चालेल." अप्पांनी वर्तमानपत्र खाली केलं. चिरा किती खोल, पाणी लागतं का, आम्ल लागतं का, रक्त येतं का, असे दवाखान्यातल्यासारखे सगळे प्रश्न विचारले, आणि मग मेण जरा जास्त घालावं लागेल असं स्वतःशीच म्हणत वर्तमानपत्र टेबलावर अंथरलं.

यादीतली पहिली जागा शेडला लागूनच, ओढ्याच्या खालच्या अंगाला होती, म्हणून सोमवारी ती आधी शेडवर गेली. गेलेल्या दोघांपैकी एकजण परत आला होता. तिने डबी पुढे केली. मुलामावाल्याने तिच्यावरची चिठ्ठी वाचली, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. "यात जस्तच आहे की," तो म्हणाला, आणि सात आठवड्यांत पहिल्यांदा, निदान तिच्यासमोर पहिल्यांदा, तो हसला. हसता हसता त्याने बोटभर मलम काढलं आणि पेरांवर चोळायला सुरुवात केली. ती तोवर मोजे चढवून पाण्यात उतरली होती. पिशवीतून तिने कोरी बाटली काढली, झाकणाला हात घातला, आणि तो काठाशी येऊन वाकून बघतोय असं पाहून म्हणाली, "जरा लांब उभे राहा." तो चार पावलं मागे सरकला आणि दोन्ही हात पांढरेशुभ्र, वर धरून, तिने झाकण लावेपर्यंत तसाच उभा राहिला.